गच्चीवरचा पंचनामा

जानेवारीतल्या एका संध्याकाळी, पावणेआठच्या सुमारास, जोतिबाच्या डोंगराच्या दिशेला शुक्राहूनही तेजस्वी असा एक ठिपका क्षणभर लखलखला आणि विझला, एवढी साधी गोष्ट मी गल्लीत बोलून गेलो आणि त्या दिवसापासून मंगळवार पेठेत ‘उजेड दिसलेला माणूस’ म्हणून ओळखला जाऊ लागलो.

अशा उजेडाची ओळख पटवायची तर वेळ, दिशा, क्षितिजापासूनची उंची आणि तो किती काळ टिकला, हे माहीत असावे लागते. उंची मोजण्याची सोपी रीत अशी की, हात ताठ पसरून धरलेली मूठ आकाशाचे साधारण 10 अंश व्यापते. माझ्या तीन मुठी भरल्या. तालमीतल्या वस्तादांच्या दोनच भरल्या.

“तुमची मूठच बारकी हाय, मास्तर.”

मोठ्या मुठीच्या माणसाचा हातही लांब असतो, त्यामुळे हिशेब सारखाच राहतो, हा खुलासा मी मनातच ठेवला. कारण वस्तादांची मूठ अजून वळलेलीच होती. मग गल्लीतला सीसीटीव्ही तपासण्यात आला. त्यात आकाश नव्हते, माझे आ वासलेले तोंड तेवढे होते.

विमान असते तर दिवे लुकलुकत पुढे सरकले असते आणि अवकाश स्थानक असते तर काही मिनिटे संथपणे चालत गेले असते. विजेचा प्रश्नच नव्हता, ढगाचा मागमूस नव्हता. थेट आपल्या रोखाने येणारी उल्का मात्र रेघ न ओढता एका जागीच भडकते, असे मी सांगताच वस्ताद उसळले, “आपल्या रोखानं? मग गल्लीतच पडली असती की!” उल्का बहुधा 80 ते 100 किलोमीटर उंचीवरच जळून जातात, हे त्यांना पटले नाही. शेजारच्या मावशींना 2022 च्या एप्रिलमध्ये चंद्रपूर जिल्ह्यात आकाशातून पडलेले धातूचे भले मोठे कडे आठवले आणि त्यांनी गच्चीवरची गोधडी आत नेली.

माझे मत उपग्रहाकडे झुकते. सूर्य मावळून दीड तास झाला तरी शेकडो किलोमीटर उंचीवर ऊन असते, आणि गरगरणारा निकामी उपग्रह ते ऊन क्षणभर आपल्या डोळ्यांत परतवतो. इरिडियम उपग्रहांच्या जुन्या पिढीच्या आरशासारख्या अँटेना तर अशा लखलखाटासाठी इतक्या प्रसिद्ध होत्या की, त्याचे वेळापत्रक लोकांना आधीच ठाऊक असे.

“वेळापत्रक हाय न्हवं? मग उद्या पावणेआठला बघू,” वस्ताद म्हणाले.

दुसऱ्या दिवशी निम्मी गल्ली आमच्या गच्चीवर हजर होती. तोच उपग्रह रोज त्याच वेळी त्याच जागी चमकेलच असे नाही, हे मी परोपरीने समजावले. पण कोणी लक्ष दिले नाही, कारण तोवर खालून चहा आला होता.