नेटल म्हणजे खाजकुइली नव्हे

लेखात 'नेटल' या डंख करणाऱ्या वनस्पतीला खाजकुइली म्हटलं आहे, ते कृपया दुरुस्त करा. खाजकुइली ही शेंगा येणारी वेल. तिची खाज शेंगेवरच्या केसांतल्या म्युकुनेन या विकरामुळे (एन्झाइममुळे) सुटते. नेटल, शास्त्रीय नाव अर्टिका डायोइका, हे वेगळ्याच कुळातलं रोप. त्याच्या पानांवर आणि देठांवर पोकळ केस असतात आणि त्यांचं टोक सिलिकाचं, काचेसारखं ठिसूळ असतं. हात लागला की टोक मोडतं आणि हिस्टामिन, ॲसिटिलकोलिन ही आग-खाज आणणारी रसायनं थेट त्वचेत शिरतात. तिथे चोळलं तर केस आणखी रुततात. आधी चिकटपट्टी लावून ते उपटावेत, मग साबणाने धुवावं.

अर्टिका हे नाव लॅटिन 'उरेरे' म्हणजे जाळणे यावरून आलं. अंगावर पित्त उठण्याला डॉक्टर अर्टिकेरिया म्हणतात, तेही यावरूनच. 'नेटल' मात्र जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या भाषाकुळातला शब्द: जुन्या इंग्रजीत 'नेटेले', जर्मनमध्ये 'नेसेल'. 'नेट' म्हणजे जाळं याच्याशी त्याचं नातं सांगतात. खोडाच्या सालीतून चिवट धागा निघतो, त्यामुळे हे पटण्यासारखं आहे, पण सिद्ध झालेलं नाही. लेखात ते ठाम विधान म्हणून नको. इंग्रजीतल्या 'नेटल' या क्रियापदाचा 'चिडवणे, डिवचणे' हा अर्थ मात्र सरळ झाडाच्या डंखावरूनच आला.