किती वेळा खावं, याआधी चावता येतं का ते विचारा

जपानमध्ये चाळिशी गाठली की दरवर्षी आरोग्यतपासणीचं बोलावणं येतं. 40 ते 74 वयाच्या सगळ्यांसाठी ही तपासणी 2008 पासून सुरू आहे. कंबरेचा घेर, रक्तदाब, साखर हे आलंच, पण सोबतच्या प्रश्नावलीत दोन प्रश्न असे आहेत, जे मला भारतात असताना कधी कुणी विचारले नव्हते. तुम्ही इतरांच्या मानाने भरभर जेवता का, हा पहिला. दुसरा 2018 मध्ये आला : खाताना सगळं नीट चावता येतं, दात-हिरड्यांमुळे त्रास होतो, की जवळजवळ चावताच येत नाही?

या दुसऱ्या प्रश्नासाठी हा लेख लिहितो आहे.

आपल्याकडे गेली काही वर्षं जेवणावरून एकच वाद रंगतोय. डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणतात तसं दिवसातून दोनदाच आणि 55 मिनिटांत जेवायचं, की ऋजुता दिवेकर सांगतात तसं थोडं थोडं, अनेकदा? रविवारी घरी फोन केला की दोन्ही बाजूंचे नातेवाईक हिरिरीने बोलतात. त्यात कुणीतरी ज्येष्ठ माणूस ‘घास बत्तीस वेळा चावावा’ ही भर घालतोच. या सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते : समोरच्याच्या तोंडात दात आहेत आणि जबडा चालतो.

चावताना जबड्याचा स्नायू किती काम करतो, हे मोजणाऱ्या इथल्या टोकियोतल्या एका प्रयोगशाळेत मी स्वयंसेवक म्हणून बसलो होतो. गालाची त्वचा स्पिरिटने पुसून त्यावर नाण्याएवढ्या दोन चकत्या चिकटवल्या. जागा सापडायला सोपी आहे. दात घट्ट आवळले की जबड्याच्या कोनाशी जो टणक उंचवटा हाताला लागतो, तोच चावण्याचा मुख्य स्नायू, मॅसेटर. तो आवळला गेला की अगदी क्षीण, व्होल्टच्या हजाराव्या भागाच्या आसपासची वीज त्वचेपर्यंत पोचते आणि चकती ती टिपते. सुरुवातीला सगळा जोर लावून दात आवळायला सांगतात. प्रत्येकाची त्वचा आणि गालावरची चरबी वेगळी, चकती बसते ती जागाही थोडी इकडेतिकडे होते, त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याशी तसाच ताडून बघता येत नाही. पुढचा प्रत्येक चावा आपल्याच त्या कमाल जोराच्या किती टक्के, एवढंच पाहायचं.

मऊ भाताला पडद्यावरच्या आलेखात बुटके झुबके उमटले आणि लगेच घास घशाखाली गेला. ताकुआन, म्हणजे मुळ्याचं खारवलेलं पिवळं लोणचं, तोंडात घातल्यावर तेच झुबके उंच आणि दाट झाले. मी निशिकासाईच्या घरून ज्वारीची भाकरी नेली होती. शेवटी तीही मोजली. पहिले चावे उंच, मग लाळेने घास भिजत गेला तसे उतरत गेलेले. आपली रोजची भाकरी जबड्याकडून केवढं काम करून घेते, हे मी प्रथमच डोळ्यांनी पाहिलं.

हे तंत्र आता प्रयोगशाळेबाहेर येतंय. जर्मनीतल्या पासाऊ विद्यापीठातल्या संशोधकांनी चष्म्याच्या काड्यांमध्येच संवेदक (सेन्सर) बसवून कानशिलावरच्या स्नायूची वीज टिपली आणि दिवसभरात माणूस कधी जेवला, किती चावला हे शोधून दाखवलं. माझी भीती अशी की भारतात हे पोचेल ते वजन घटवणाऱ्यांचं खेळणं म्हणून. भरभर जेवलात की मनगटावर थरथर, रात्री मोबाइलवर गुण. जपानही या मोहातून सुटलेला नाही. 2009 मध्ये इथल्या आरोग्य मंत्रालयाच्या पुढाकाराने ‘एका घासाला तीस वेळा’ अशी मोहीम निघाली. मला ती अर्धवट वाटते. घास भाताचा की चण्याचा हे न बघता तीस कशाला? आणि ज्याला चावताच येत नाही, त्याने तीस कुठून मोजावेत?

पण त्याच जपानने दुसरी बाजू फार चिकाटीने सांभाळली आहे, आणि ती आपण घ्यावी. ऐंशीव्या वर्षी वीस दात टिकवायचे, ही मोहीम 1989 मध्ये सुरू झाली, तेव्हा असे वृद्ध दहा टक्केही नव्हते. 2016 च्या सर्वेक्षणात ते निम्म्याहून अधिक निघाले. तोंडाची कार्यक्षमता घटणं हे निदान 2018 पासून सरकारी विम्यात आहे. त्यातली एक चाचणी अशी : ग्लुकोज घातलेली मऊ गोळी वीस सेकंद चावायची, पाणी तोंडात घेऊन थुंकायचं आणि त्यात किती साखर उतरली ते मोजायचं. कवळीचा खर्चही विमा उचलतो, रुग्णाला थोडाच वाटा द्यावा लागतो. दुकानात वृद्धांसाठीच्या तयार जेवणावर चार पायऱ्या छापलेल्या असतात : सहज चावता येईल, हिरड्यांनी चिरडता येईल, जिभेने चिरडता येईल, चावायची गरज नाही.

आपल्याकडे आजी भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागली की वय झालं म्हणतात. शेंगदाणे सुटतात, मग काकडी, मग पेरू, आणि ताटात उरतो मऊ भात. मिशरी लावून हिरड्या गेलेल्या बायका आहेत. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, तरी सुपारीने तोंडाची आतली त्वचा ताठरलेले तरुण आजही भेटतात. निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी मावतात. यांच्या तोंडात एक शिरताना मारामार. अशा माणसाला दोनदा खा की सहादा, हा सल्ला काय कामाचा?

विशेष म्हणजे प्रश्न आपल्याकडेही लिहिलेला आहे. तिशीपुढच्या लोकांसाठी आशाताई घरोघरी जो फॉर्म भरतात, त्यात तोंड उघडायला त्रास होतो का, चावताना दुखतं का, हे विचारलेलं असतं. अडतं ते ‘हो’ म्हटल्यावर. दातांचा डॉक्टर बहुतेकदा तालुक्याच्या गावी, कवळीचा खर्च खिशातून, आणि बुडालेली मजुरी वेगळीच. माझा राग आहे तो इथे.

म्हणून हे संवेदक पुण्या-मुंबईच्या जिममध्ये जाण्याआधी नागपूर, मुंबई, संभाजीनगरच्या सरकारी दंत महाविद्यालयांत जावेत, असं मला वाटतं. कवळी बसवण्याआधी आणि नंतर तीच भाकरी खायला देऊन मोजावं. कुठली कवळी नुसती दिसायला चांगली आणि कुठलीने खरंच चावता येतं, ते कळेल. ज्याचं तोंड उघडत नाही, त्याला दिलेल्या व्यायामाने काही फरक पडतोय का, तेही दिसेल. आणि तो आलेख रुग्णाच्या केसपेपरवर राहावा, विमा कंपनीकडे किंवा नोकरीच्या ठिकाणी जाऊ नये.