'औशाचा एक वाचक' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. नाव दिलं नाहीत म्हणून 'भाऊ' म्हणतो. बहीण असाल तर राग मानू नका.

आईवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही चार वाक्यं लिहिलीत. पहिलं असं : "आई वारली की प्रत्येक लेकाला ती समाजसेविका वाटायला लागते." मग तिच्याबरोबर राबलेल्या बायकांचा लेखात पत्ता नाही, तिच्या बचत गटाचा हिशेब गावासमोर कधी वाचला गेला नाही, आणि लेख फार लांबलाय. लांबलाय, मान्य. पुढच्या वेळी कात्री लावीन.

पण ते पहिलं वाक्य! तिला जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. आमच्या घरात यंदा पोळ्याला पुरण शिजलं नाही, दिवाळीला आकाशकंदील लागला नाही. अशा दारात येऊन टोमणा मारायचा, तोही टोपणनावानं, ही कुठली रीत? औशाची तर नक्कीच नाही. माझं आजोळ तिथलंच आहे. टीका करा की. मी मास्तरकी केलेला माणूस आहे, टीका ऐकून घ्यायची सवय आहे. पण बोलण्याला काही पाचपोच?

आणि 'वाटायला लागते' म्हणजे काय हो? 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारच्या सुमारास भूकंपानं किल्लारीची जमीन हलली तेव्हा मी नववीत होतो. आमचं घर पडलं नाही, भिंती उभ्या फाटल्या. किल्लारी-सास्तूरकडं माणसं झोपेतच गेली, डोक्यावरच्या माळवदाच्या मातीखाली आणि भिंतींच्या दगडांखाली. किल्लारी औसा तालुक्यातच, हे औशाच्या माणसाला मी सांगायचं?

पुढं दुरुस्ती-मजबुतीकरणाचं सरकारी काम निघालं आणि गावोगावच्या महिला मंडळांतून 'संवाद सहायक', म्हणजे लोकांना हे काम समजावून सांगणाऱ्या बायका, नेमल्या. आई त्यातली एक. शिक्षण चौथी. पण दगडी भिंतीचे दोन पदर वेगवेगळे उभे असतात, मधे नुसती माती आणि कपच्या, हादऱ्यानं पदर सुटतात, हे ती इंजिनिअरपेक्षा सोपं करून सांगायची. भिंतीला आरपार भोक पाडायचं, सळई घालून काँक्रीट भरायचं, माळवदाची माती उतरवून भार कमी करायचा. आमच्या गल्लीतले काही बाप्ये सरकारी मदतीचा हप्ता उचलून भिंतीला वरवर गिलावा मारायचे. आई त्यांच्या ओट्यासमोर उभी राहायची : "हप्ता घेतलास, भोकं कुठायत रं? अजून डोक्यावर माती घेऊनच झोपतूस का?" संध्याकाळी कंदील धरून मी तिच्या मागं असायचो. तेव्हा ती धडधाकट जिवंत होती, भाऊ. मला तेव्हापासूनच 'वाटतंय'.

घरची चूल तेव्हा ताईनं सांभाळली. तिची शाळा सुटली ती त्याच वर्षी. हे लेखात लिहिलं नाही, कारण घरचं गाऱ्हाणं चव्हाट्यावर मांडायचं नव्हतं. तुमच्यामुळं आज लिहावं लागलं.

2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यातही ती टँकरपाशी बसून चिठ्ठ्या वाटायची. गुडघे गेलेले. त्या रांगेत तुम्ही होतात का, एवढंच विचारतो.

राहता राहिल्या बाकीच्या बायका. तो माझ्या आईवरचा लेख होता, गावाचं गॅझेट नव्हे. हिशेबाचं म्हणाल तर गटाची वही होती. ज्याला बघायची होती त्यानं तेव्हाच मागायची. तेरा बायकांच्या गटात कोणी दीडशहाणं बोलणारच, त्यावर मी शाई खर्च करणार नाही.

पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. जेवायला या. त्यातल्या बऱ्याच जणी येणार आहेत, त्यांनाच काय ते विचारा. फक्त दारात स्वतःचं नाव सांगा.