गोळ्या केबिन बॅगेतच ठेवा

युरोप टूरला काय काय न्यावं, यावरच्या तुमच्या लेखातली कपड्यांची यादी चोख आहे, पण औषधांचं एका ओळीत उरकलंय, म्हणून मुद्दाम लिहिते.

गेल्या मे महिन्यात आईला घेऊन ग्रुप टूरला गेले होते. आमच्यातल्या एका काकांची बॅग दोन दिवस उशिरा आली आणि बीपीच्या गोळ्या नेमक्या त्यातच. तिकडे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय त्या मिळत नाहीत. काकूंचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. त्यामुळे पूर्ण टूरच्या गोळ्या, वर चार दिवसांच्या जास्तीच्या, मूळ स्ट्रिपमध्येच आणि प्रिस्क्रिप्शनसकट हातातल्या बॅगेत ठेवा. पॉवर बँकही तिथेच, ती चेक-इनमध्ये चालत नाही.

खाऊबद्दल: दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाहीत, तेव्हा पेढे, बर्फी, तूप घरीच राहू द्या. भडंग, मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची चटणी न्या. लोणचं मात्र चेक-इनमध्येच, केबिनमध्ये १०० मिलीचा नियम त्यालाही लागतो.

टूरमधलं स्वित्झर्लंडचं डोंगरावरचं ठिकाण युंगफ्राउयोख ३,४५४ मीटरवर आहे, मे महिन्यातही बर्फ असतो. आईला मी साडीखाली थर्मल घालायला लावलं आणि पायात जाड तळव्याचे बूट. ते बूट निघायच्या महिनाभर आधी घेऊन रोज सकाळी घालून फिरवलं होतं, म्हणून व्हेनिसच्या पुलांच्या पायऱ्या ती न कुरकुरता चढली. नवे कोरे बूट घालून आलेल्या दोघीजणी तिसऱ्या दिवसापासून बसमध्येच बसून राहिल्या, फार वाईट वाटलं.

स्वित्झर्लंडचं सॉकेट वेगळं असतं, ॲडॉप्टर घेताना तेवढं विचारून घ्या.