घरगुती उद्योगाला नियमात जागा आहे

एका लेखात म्हटलंय की रहिवासी बिल्डिंगमध्ये कुठलाच धंदा चालत नाही, सरसकट बंदी. हे बरोबर नाही हो. मुंबई सोडून राज्यात बहुतेक ठिकाणी लागू असलेली 2020 ची यूडीसीपीआर, म्हणजे राज्याची बांधकाम आणि विकासाची एकत्रित नियमावली उघडून बघा, रहिवासी झोनमध्ये घरगुती उद्योगाला परवानगी आहे, फक्त अटी आहेत, काम घरच्याच माणसांनी करायचं पगारी कामगार नकोत, बाहेर बोर्ड लावायचा नाही, विकायचं ते तिथंच बनवलेलं, शेजाऱ्यांना धोका होईल असं काही नको आणि मशीन घरात वापरतात तसलीच.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू सणावाराला पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेतात, सून लाटते त्या भाजतात, बास एवढंच, एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्न सुरक्षा संस्थेची नोंदणीपण केलीये. तरी सोसायटीच्या कमिटीचं पत्र आलं, कमर्शियल वापर आहे मेंटेनन्स डबल भरा. कशाच्या आधारावर ते कोणी सांगेना! नियम दाखवा म्हटलं की विषय पुढच्या मीटिंगला.

आता कोणी फ्लॅटमध्ये दहा शिलाई मशीन टाकून बायका कामाला ठेवल्या, जिन्यात कापडाचे गठ्ठे रचले तर तो वेगळा विषय, तिथं तक्रार रास्तच आहे, आग लागली तर लोकांनी उतरायचं कुठून? पण चार पैसे मिळवणाऱ्या घरच्या बाईला त्याच मापात मोजू नका. असं पत्र आलं तर घाबरून ऑर्डरी बंद करू नका, कुठल्या नियमाखाली मागताय ते कमिटीकडून लेखी घ्या आणि महापालिकेच्या बांधकाम विभागात जाऊन विचारा.