ताई, तुमची अर्धी तक्रार मान्य आहे

ताई, तुमची कमेंट परवा रात्री वाचली, लगेच उत्तर टाईप केलं आणि डिलीट केलं, कारण रागात लिहिलं होतं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की बायबलमधल्या ईयोबावर, म्हणजे मुलंबाळं, गुरंढोरं सगळं गमावलेल्या त्या भल्या माणसावर, लेख लिहिताना मी "प्रत्येक दुःखात देवाचं काहीतरी सत्य दडलेलं असतं" असं म्हणून मोकळा झालो, आणि तुमची आई डायलिसिसवर होती तेव्हा भेटायला येणारे नेमकं हेच बोलून, चहा पिऊन निघून जायचे. दुसरं म्हणजे शेवटी ईयोबाला नवीन मुलं देऊन देवाने हिशोब मिटवला, ही तर नुकसानभरपाई झाली.

पहिलं मान्य. आम्ही सदरला राहायचो तेव्हा आमचं बाळ अकराव्या दिवशी गेलं, नागपूरचा मे महिना, कूलरची घरघर, आणि ओळखीतले एक काका म्हणाले देवाला तो तुमच्यापेक्षा जास्त हवा होता. मी काही बोललो नाही, पण पुढचे चार महिने चर्चची पायरी चढलो नाही. म्हणजे तो मार मी स्वतः खाल्लाय अन् तरी तेच लिहून बसलो, काय म्हणावं.

ईयोबाचे तीन मित्रही असेच. आधी 7 दिवस 7 रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तेवढंच काय ते बरं केलं, मग तोंड उघडलं आणि तुझंच काहीतरी पाप असेल म्हणून अध्यायच्या अध्याय त्याचं डोकं खाल्लं. शेवटी 42व्या अध्यायात देव चिडतो तो या धार्मिक बोलणाऱ्यांवर, आपल्या जन्मदिवसाला शाप देणारा ईयोब मात्र नीट बोलला म्हणे! आणि ईयोबाच्या दुःखाचं कारण? पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गात त्याची परीक्षा घ्यायचं ठरलं ते आपल्याला कळतं, ईयोबाला शेवटपर्यंत कोणी सांगत नाही.

मुलांचं म्हणाल तर शेवटी देव गेलेलं दुप्पट परत देतो, मेंढरं 7000 ची 14000 झाली, उंट 3000 चे 6000, मुलं मात्र पुन्हा 7 मुलगे 3 मुलीच, दुप्पट नाहीत. काही जण म्हणतात पहिली दहा देवाजवळ आहेतच म्हणून दुप्पट केली नाहीत, मला हे कधी पटतं, कधी अजिबात नाही.

पण "उद्धार म्हणजे मेल्यावरची लालूच" हे तुमचं वाक्य मी मान्य करणार नाही. 19व्या अध्यायात ईयोब म्हणतो माझा उद्धारक जिवंत आहे, तिथे हिब्रू शब्द आहे गोएल, आणि तो शब्द गावातला, शेतीवाडीतला आहे. भाऊबंदाला गरिबीपायी जमीन विकावी लागली तर जवळच्या नातेवाइकाने पैसे भरून ती सोडवायची, बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या 25व्या अध्यायात हा नियमच आहे. रूथच्या पुस्तकात बवाज नावाचा नातेवाईक तेच करतो, वेशीवर 10 वडीलधारे बसवून, त्यांच्यासमोर. आपल्या विदर्भात सावकाराकडून वावर सोडवणं म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. सगळं गेलेला माणूस राखेत बसून म्हणतो की माझ्या नात्यातलं कोणीतरी आहे, ते माझ्यासाठी उभं राहील, आणि हे तो म्हणतो तेव्हा मेंढरं, उंट, काहीच परत आलेलं नसतं.

त्या चार महिन्यांत कॉलनीतल्या एक मावशी, आमच्या चर्चच्या नाहीत बरं का, रोज संध्याकाळी येऊन बायकोजवळ बसायच्या, मेथी निवडायच्या, फारसं बोलायच्या नाहीत. बाळाचं नाव काय ठेवलं होतं, हे आम्हाला विचारणाऱ्या त्या पहिल्या.

ते "प्रत्येक दुःखात" वालं माझं वाक्य लेखातून काढतोय. तुमच्या आईचं नाव काय होतं, ताई?