किल्लारी प्लेटच्या काठावर नाही, मग?

नमस्कार. हिमालयावरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया जवळजवळ लेखाइतकीच लांब आहे, आणि मला ती आवडली. 'छान माहिती, धन्यवाद' लिहून पुढे सरकणाऱ्यांपेक्षा हुज्जत घालणारा वाचक केव्हाही बरा. उत्तर त्या चौकटीत मावेना, म्हणून इथे स्वतंत्र लिहितोय.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. तुम्ही निवृत्त सिव्हिल इंजिनीअर, नोकरी सगळी पाटबंधाऱ्याच्या कामांवर झालेली. तुमचा पहिला आक्षेप असा, की मी एकाच परिच्छेदात प्रावरण, म्हणजे पृथ्वीचं कवच आणि गाभा यांच्यामधला मँटल हा थर, घन आहे असंही म्हणतो आणि ते वाहतं असंही म्हणतो. दुसरा, माणसाने आजवर जेमतेम बारा किलोमीटर भोक पाडलंय, तेव्हा २,९०० किलोमीटर खोलीच्या गोष्टी म्हणजे अंदाजपंचे. आणि तिसरा, जो खरा टोचणारा आहे: पृथ्वीचा बाहेरचा ताठ थर सरकत्या तुकड्यांचा, म्हणजे प्लेटांचा, बनलेला आहे आणि भूकंप प्लेटच्या काठावर होतात असं हा प्लेट टेक्टॉनिक्सचा सिद्धांत शिकवतो, मग किल्लारी आणि कोयना तर प्लेटच्या मधोमध आहेत, तिथे माणसं का मेली? 'उदाहरण जुळलं नाही की ठिगळ लावायचं, याला विज्ञान म्हणत नाहीत,' असा शेराही तुम्ही मारलाय. शेवटी, हा सिद्धांत परदेशातल्या समुद्रांवरून बेतून आपल्या माथी मारलेला आहे, असंही एक वाक्य आहे.

तिसऱ्यावर जास्त वेळ काढणार आहे. आधीचे दोन पटकन उरकतो.

घन आणि वाहतं. तुम्ही काँक्रीटवाले, तेव्हा क्रीप, म्हणजे सततच्या भाराखाली घन वस्तूचा आकार हळूहळू बदलणं, हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे आगाऊपणा. प्रीस्ट्रेस्ड गर्डरच्या, म्हणजे आधीच ताण भरलेल्या काँक्रीटच्या तुळईच्या, हिशेबात क्रीपपायी किती ताण कमी होईल हे तुम्ही धरतच होतात. काँक्रीट पातळ झालं म्हणून तो ताण गेला, असं कुणी म्हणत नाही. प्रावरणात तेच होतं, फक्त प्रमाण अफाट. प्रावरणाच्या वरच्या भागातला खडक बहुतांशी ऑलिव्हिन या हिरव्या खनिजाचा. तापमान १,३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं तरी वरच्या दाबामुळे तो वितळत नाही, पण त्याच्या स्फटिकांमधले दोष हळूहळू सरकत राहतात आणि सगळा खडक वर्षाला काही सेंटिमीटर या चालीने आकार बदलतो. शाळेच्या पुस्तकात कवचाखाली लाल-नारिंगी रस्सा दाखवतात, ते चित्र काढून टाकायला हवं. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत, आणि प्रावरणातून त्या आरपार जातात. अडतात त्या गाभ्याच्या बाहेरच्या थरापाशी. एवढ्यावर मुद्दा निकालात निघतो.

वाहण्याचा पुरावा हवा असेल तर स्वीडनमध्ये जा. लुलेओ नावाचं बंदराचं गाव १६२१ मध्ये वसवलं, आणि १६४९ मध्ये ते उचलून समुद्राच्या बाजूला न्यावं लागलं, कारण बंदरात पाणी पुरेना. समुद्र हटला नव्हता, जमीन वर येत होती. हिमयुगात तिथे दोन-तीन किलोमीटर जाडीचा बर्फ होता. तो वितळून दहा हजार वर्षं होत आली, तरी बाजूला ढकललं गेलेलं प्रावरण अजून परत येतंय आणि बोथनियाच्या आखाताचा किनारा आजही वर्षाला आठ-नऊ मिलिमीटर उचलला जातोय. याच उचलीवरून हॅस्केल या शास्त्रज्ञाने १९३५ मध्ये प्रावरणाची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, काढली. एकावर एकवीस शून्यं, पास्कल-सेकंदात. पाण्याची त्याच मापात एक सहस्रांश. तुम्ही अशा आकड्याला घन म्हणाल की द्रव, ते तुम्ही किती वर्षं थांबायला तयार आहात यावर ठरेल.

आता भोकाचं. रशियाच्या कोला द्वीपकल्पातलं विवर १२,२६२ मीटरवर थांबलं, हे बरोबर. तिथलं कवच त्याच्या तिप्पट जाड आहे, तेव्हा प्रावरण लांबच राहिलं. उलट त्या विवराने भूवैज्ञानिकांची फजितीच केली: लहरींच्या वेगावरून जिथे ग्रॅनाइट संपून बेसॉल्ट लागेल असं वाटत होतं, तिथे बेसॉल्ट नव्हताच, भेगाळलेला, पाणी मुरलेला खडक निघाला. हा मुद्दा तुमच्या बाजूने मीच देतो. पण खालचा माल बघायला खाली जावंच लागतं असं नाही, तो कधीकधी आपण होऊन वर येतो. कच्छमध्ये भुजच्या आसपासच्या काही टेकड्यांच्या काळ्या बेसॉल्टमध्ये हिरवट दाणेदार ढेकळं अडकलेली सापडतात. लाव्हा वर येताना वाटेतल्या प्रावरणाचे तुकडे तोडून घेऊन आला, तेच ते. पन्नाच्या खाणीतले हिरेही दीडशे किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून खोल तयार झालेले. तेव्हा अंदाज आहे, पण पंचे नाही.

आणि आता किल्लारी.

एक तारीख आधी सांगतो. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. ताठ, न वाकणाऱ्या प्लेट गोलावर कशा फिरतात याची भूमिती मांडणारा मॅकेन्झी आणि पार्कर यांचा निबंध छापून आला तो त्याच डिसेंबरच्या अखेरीस. म्हणजे कोयना हे सिद्धांताला नंतर लागलेलं ठिगळ नाही, दोघांची जन्मवेळ एकच. तरीही तुमचा प्रश्न उरतोच, कारण त्या निबंधात प्लेट ताठच धरलेली आहे.

ताठ असणं म्हणजे काय, याचा विचार तुम्ही इंजिनीअर म्हणून करा. ताठ वस्तूच्या एका टोकाला रेटा दिला की तो दुसऱ्या टोकाला पोचतो, मधल्या प्रत्येक कणातून जाऊन. भारतीय प्लेटच्या दक्षिणेला आणि नैर्ऋत्येला हिंदी महासागराच्या तळाशी कटक, म्हणजे पाण्याखालच्या लांबच लांब डोंगररांगा, आहेत, तिथे नवं तळ तयार होतंय आणि प्लेट पुढे रेटली जातेय. प्लेट सगळी मिळून ईशान्येकडे वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर चाललीय. पुढे आशिया आडवा. हिमालयात त्यातले दोनेक सेंटिमीटर जिरतात. मग मधलं द्वीपकल्प काय निवांत पडलंय? नाही, ते दोन्हीकडून दाबलेलं आहे. सिद्धांताचं सरळ भाकीत हे, की दख्खनमध्ये कुठे जमीन सरकलीच तर ती दक्षिणोत्तर किंवा नैर्ऋत्य-ईशान्य दाबाला धरून सरकावी. किल्लारीत तसंच झालं. ३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीची रात्र सरून पहाटे चारच्या सुमाराला, जमिनीखालची एक बाजू दुसऱ्या बाजूवर चढली. असा प्रस्तरभंग, म्हणजे खडक भेगेवरून सरकणं, ताणाने होत नाही, दाबानेच होतो. किल्लारीजवळच्या शेतांत भुईला उचल आलेली लोकांनी डोळ्यांनी पाहिली, कारण हालचाल फार खोल नव्हती.

भिंतीशी टेकवलेली जुनी फळी मागून दाबत राहा. ती भिंतीपाशी चेचली जाईल, पण आधीची गाठ किंवा चीर मध्ये असेल तर तिथेही तडकेल. तेव्हा तुम्ही फळीला फळी म्हणणं सोडत नाही.

दख्खनच्या फळीत चिरा आहेत आणि त्या फार जुन्या आहेत, अडचण एवढीच की त्या दिसत नाहीत. किल्लारीला भूकंपानंतर विंधन घेतलं तेव्हा वरचा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, ३३८ मीटरला संपला. त्याखाली जुन्या गाळाचा पातळ थर आणि मग अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचा मूळ खडक. कोयनेजवळ गोठणे इथे तीन किलोमीटर खोल विवर पाडलं, तिथे बेसॉल्टची जाडी सव्वा किलोमीटरच्या आसपास भरली, आणि खाली थेट ग्रॅनाइट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरला आणि त्याने खालचे सगळे जुने भंग झाकून टाकले. वरून पाहणाऱ्याला सपाट माळ, ज्वारी-तूर आणि तेरणा. भूकंपप्रवणतेच्या नकाशात किल्लारी १९९३ पर्यंत सर्वांत सुरक्षित पट्ट्यात, पहिल्या झोनमध्ये होती, हे तुम्हाला आयएस १८९३ या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकामुळे माहीत असेलच. २००२ च्या आवृत्तीत तो पहिला झोनच काढून टाकला.

इथे सिद्धांत थिटा पडतो, ते मी झाकणार नाही. दाब कुठून येतो आणि कोणत्या दिशेचा, ते तो सांगतो. किल्लारीच का, उदगीर किंवा सोलापूर का नाही, हे सांगत नाही. केव्हा, हे तर नाहीच. काठावरच्या भूकंपांना निदान काही शतकांची ये-जा असते, मधल्या भंगांवर ताण इतका सावकाश साठतो की दोन भूकंपांमध्ये हजारो वर्षं जाऊ शकतात. १९९२ मध्ये किल्लारीकरांना धक्के जाणवत होते, लोक घराबाहेर झोपत होते. अशा लहान धक्क्यांच्या मालिका दख्खनमध्ये अधूनमधून येतात आणि बहुतेक वेळा तशाच विरतात.

माणसं का मेली याचं उत्तर मात्र प्लेटकडे मागू नका. ६.२ रिश्टरच्या आसपासच्या भूकंपाने जवळजवळ दहा हजार माणसं मारली, ती दोन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंतींनी आणि वरच्या माळवदांनी. दरवर्षी गळू नये म्हणून त्यावर मातीचा नवा थर, आणि त्याचा भार लाकडी खांबांवर. उन्हाळ्यात त्या घरासारखं गार घर नाही. पण दोन पदरी भिंतीत आतला आणि बाहेरचा दगड एकमेकांना बांधलेला नसला तर हादऱ्यात दोन्ही पदर सुटून उलट्या बाजूंना कोसळतात. ही रचना तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिली असेल.

कोयनेबद्दल तुमचं म्हणणं असं, की तिथे तर धरणामुळे भूकंप झाला, मग प्लेटचा संबंध काय? हिशेब मांडू. धरणाची उंची १०३ मीटर. शंभर मीटर पाण्याचा दाब एक मेगापास्कल. भूकंप जिथे उगम पावतात त्या पाच किलोमीटर खोलीवर नुसत्या वरच्या खडकाचा भार १३० मेगापास्कल. त्यात एकाची भर पडल्याने खडक फुटत नसतो. पाणी करतं ते वेगळंच: भेगांमध्ये झिरपून दोन पृष्ठभागांमधली पकड सैल करतं. तुमच्या भाषेत, पोअर प्रेशर, म्हणजे भेगांतल्या पाण्याचा दाब, वाढतं आणि इफेक्टिव्ह स्ट्रेस, म्हणजे दोन पृष्ठभागांना प्रत्यक्ष आवळून धरणारा दाब, घटतो; धरणाच्या पायाखाली पाण्याचा वर उचलणारा दाब, अपलिफ्ट, धरता तीच गोष्ट. भंग आधीच निसटण्याच्या बेतात असेल तरच एवढंसं पुरतं. तो बेत कुणी आणला? त्याच ईशान्येकडच्या रेट्याने. देशात हजारो मोठी धरणं आहेत, एवढा मोठा भूकंप झालेलं कोयना एकच. कोयनेचा जलाशय, शिवसागर, भरायला लागला १९६१-६२ मध्ये, आणि तेव्हापासून आजतागायत त्या साधारण वीस-तीस किलोमीटरच्या पट्ट्यात धक्के चालूच आहेत, पावसाळ्यात जलाशय भरला की थोडे जास्त. तेव्हा धरण हे निमित्त आहे, भांडवल प्लेटचं. धरणाचं डिझाइन ०.०५ या भूकंप गुणकावर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पाच टक्के आडवा हादरा धरून, केलेलं होतं आणि आतल्या यंत्राने आडव्या दिशेला गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याच्या आसपास त्वरण नोंदवलं. ज्यावरून पाणी सांडत नाही त्या भागात, मागचा उतार बदलतो बरोबर त्या पातळीला तडे गेले, आणि तरी धरण उभं राहिलं. या एका गोष्टीवर तुमच्यासारख्याने लिहायला हवं. मी वाचेन.

राहिला परदेशी माल. वेगेनर यांचं खंडवहन, म्हणजे खंड सरकतात ही कल्पना, बहुतेक पंडितांनी उडवून लावलेलं होतं त्या काळात, १९५६ मध्ये, क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स या तिघांनी दख्खनच्या बेसॉल्टचं चुंबकत्व मोजून प्रसिद्ध केलं. लाव्हा थिजताना त्यातले लोहकण तेव्हाच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून बसतात, आणि त्या दिशेचा आडव्याशी असलेला कोन तुम्ही विषुववृत्तापासून किती लांब होतात हे सांगतो. आज महाराष्ट्रात हा कोन पंचवीस अंशांच्या आसपास आहे. सह्याद्रीच्या दगडात तो त्याच्या जवळजवळ दुप्पट निघतो. म्हणजे हा दगड थिजला तेव्हा दख्खन विषुववृत्ताच्या दक्षिणेला, तीस अंशांच्या आसपास होतं. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही या दगडांवर काम झालं. खंड सरकतात हे पटवायला जे पुरावे कामी आले त्यांतला एक घाटात कुणीही हात लावून पाहावा असा आहे, तेव्हा 'माथी मारलं' हे काही मला पटत नाही.

याच आकड्यांवरून वेगही काढता येतो. दक्षिण तीसपासून उत्तर अठरापर्यंत साडेसहा-पावणेसात कोटी वर्षांत, म्हणजे सरासरी वर्षाला आठ सेंटिमीटर. आजच्या पाचापेक्षा जास्त. टक्कर होण्याआधी तर काही काळ भारत पंधराच्याही वर धावत होता, एवढा वेग आज कुठल्याच मोठ्या खंडाला नाही. तो कशाने आला यावर अजून एकमत नाही: एक गट म्हणतो, दख्खनचा लाव्हा ज्या उष्ण स्तंभातून आला त्यानेच प्लेटला धक्का दिला. दुसरा म्हणतो, भारत आणि आशिया यांच्यामध्ये समुद्रतळ एकाच वेळी दोन ठिकाणी खाली जात होतं आणि दुहेरी ओढ बसली. मला दुसरा हिशेब जास्त पटतो, पण पहिल्याच्या बाजूचे पुरावेही वजनदार आहेत. तो वाद पुढच्या लेखात घेतो.